मदनमहालाच्या सावलीत : एका शोधयात्रेची हकिकत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी एखाद्या गंभीर विषयावर चार शब्द बोलावेत, अशी अपेक्षा असते. संतवाङ्मय आहे, नाट्यसंगीत आहे, बृहन्महाराष्ट्रातील मराठीचे भवितव्य आहे. हे विषय सोडून मी एका खेळाविषयी बोलणार आहे, आणि तोही लहान मुलांच्या लपंडावाचा सख्खा भाऊ शोभेल असा. कार्यवाहांना मी विषय कळवला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, "काका, शीर्षकात थोडा इतिहास घालता येईल का?" इतिहास येणारच आहे. किंबहुना तो टाळता आला नाही, म्हणूनच हे व्याख्यान उभे राहिले.

या खेळाला 'जिओकॅशिंग' असे नाव आहे. आकाशात फिरणाऱ्या अमेरिकन उपग्रहांच्या संदेशांवरून आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत हे सांगणारी यंत्रणा आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये असते. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या या संदेशांत पूर्वी हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे. २ मे २००० रोजी ती चूक काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, बीव्हरक्रीक या गावाजवळच्या रानात एक डबा ठेवला आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. डब्यात नोंदवही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू होत्या. त्यांत घेवड्याचा एक डबाही होता! काही दिवसांतच तो डबा कोणीतरी हुडकून काढला आणि पाहता पाहता हा खेळ जगभर पसरला.

याचे नियम सोपे आहेत. डबा शोधावा, वहीत आपले नाव व तारीख लिहावी, आतील वस्तू घेतल्यास तिच्या बदली दुसरी ठेवावी आणि डबा जसा होता तसा परत ठेवावा. दोन गोष्टींना सक्त मनाई आहे. डबा जमिनीत पुरायचा नाही आणि तो शोधण्यासाठी कोणी जमीन खणायची नाही. हा दुसरा नियम आपण ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

माझी या खेळाशी ओळख परदेशात झाली. माझा भाचा माल्टा बेटावर नोकरीस आहे. भूमध्य समुद्रातील त्या बेटावर मदिना नावाचे एक जुने तटबंदीचे गाव आहे. नाव अरबी, त्याचा अर्थच शहर. पिवळसर चुनखडीच्या भिंती, वळणावळणाच्या अरुंद गल्ल्या आणि १७२४ साली बांधलेली भव्य वेस. आत राहणारी माणसे जेमतेम काहीशे. भाचा मला तेथे घेऊन गेला आणि माझ्या हाती फोन देऊन म्हणाला, "मामा, आता तुम्ही पुढे चला." प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न होता. अमुक दारावरची आकृती पाहा, तमुक भिंतीवरचा शब्द वाचा, त्यावरून पुढचा आकडा काढा. दोन तासांत ते गाव मी असे पाहिले, जसे पन्नास वर्षांत माझे स्वतःचे गाव पाहिले नव्हते. शेवटी तटाबाहेर एक चिमुकली डबी सापडली. तिच्यातील वहीत मी देवनागरीत सही केली.

परतताना भाच्याने सहज विचारले, "मामा, जबलपुरात असा खेळ मांडायचा झाला तर कोणती कोडी घालाल?" मी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. भेडाघाटचे संगमरवरी खडक व धुवांधार यांपलीकडे मला काही सुचेना. आयुष्य या गावात गेले, घर गोहलपुरात बांधले, मुलांची लग्ने येथे केली. आणि गावाविषयी विचारले तर माझ्याजवळ पाहुण्यांना दाखवायच्या दोन जागा! त्या रात्री मला झोप लागली नाही.

परत आल्यावर लक्षात आले की आपल्या गावाजवळ असे एक कोडे शेकडो वर्षांपासून आहे. मदनमहालाविषयीची ती लोकोक्ती येथे लहानथोर साऱ्यांना पाठ असते. मदनमहालाच्या सावलीत, दोन शिळांच्या मध्ये, नऊ लाखांची ठेव पुरलेली आहे आणि तिच्यात सोन्याच्या दोन विटा आहेत, असे ती सांगते. आता हे कोडे खेळाच्या दृष्टीने तपासून पाहा. सावली सकाळी पश्चिमेस, संध्याकाळी पूर्वेस. आणि त्या संपूर्ण टेकडीवर शिळांखेरीज आहे तरी काय? कोणत्याही दोन शिळांच्या मध्ये उभे राहा, वर्णन जुळते. हे कोडे रचणाऱ्याला आजच्या खेळाडूंनी नापास केले असते. तरीसुद्धा त्याच्या आशेवर किती कुदळी त्या टेकडीवर चालल्या असतील, ते एक ती टेकडीच जाणे.

हा सारा मजकूर मी मंडळाच्या तरुण सभासदांपुढे मांडला आणि गेल्या हिवाळ्यात दोन रविवार अशी शोधयात्रा काढण्याचे ठरले. अडचणी तत्काळ समोर आल्या. हे गाव दारूगोळ्याच्या कारखान्यांचे आहे. अशा गावात बेवारशी डबे ठेवीत फिरणे शहाणपणाचे नव्हे. संरक्षित स्मारकांच्या भिंतीत तर चिठ्ठीसुद्धा खोचणे योग्य नाही. म्हणून असे ठरले की स्मारकांजवळ फक्त प्रश्न असतील आणि डब्या ठेवायच्या त्या ओळखीच्या माणसांजवळ, त्यांच्या संमतीने. कोणी पानाच्या ठेल्यावर ठेवून घेतली, कोणी शिवणयंत्राच्या खणात. पहिली डबी आमच्या गोहलपूरच्या घरी तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात होती. खेळाडूंत नऊ वर्षांच्या नातीपासून एक्याऐंशी वर्षांच्या वहिनींपर्यंत सर्व वयाची मंडळी होती.

पहिला रविवार तलावांचा होता. जबलपूरला एके काळी बावन्न ताल-तलैया होत्या असे म्हणतात. त्यांतील तीन तालांची कथा एकत्र सांगितली जाते. राणी दुर्गावतीने बांधवला तो राणीताल, तिच्या दासीने म्हणजे चेरीने बांधवला तो चेरीताल आणि दिवाण आधारसिंह कायस्थ यांचा तो आधारताल. राणी, दासी आणि दिवाण या तिघांची नावे सारख्याच मानाने पाण्याला देणारे दुसरे राज्य माझ्या तरी ऐकिवात नाही.

राणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कालिंजरच्या चंदेल घराण्यात १५२४ साली तिचा जन्म झाला. गढ्याच्या गोंड घराण्यातील संग्रामशहाचा पुत्र दलपतशहा याच्याशी तिचा विवाह झाला. पतीच्या अकाली मृत्यूनंतर अल्पवयीन वीरनारायणाच्या नावे तिने राज्य चालवले. २४ जून १५६४ रोजी अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना नर्रई नाल्याजवळ घायाळ झाल्यावर, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिने स्वतःच्याच शस्त्राने देह ठेवला. हे सारे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. परंतु तिने रणात घालवलेले दिवस थोडे होते आणि राज्य चालवलेली वर्षे पुष्कळ. या पठारी, खडकाळ प्रदेशात पावसाचे पाणी अडवून ठेवल्याखेरीज वस्ती टिकत नाही. म्हणून त्या वर्षांच्या कारभाराची खूण पाण्यात शोधावी लागते.

आमची मंडळी गोहलपुराहून निघून आधी आधारतालास गेली. तेथे पाणी आहे. मुलांनी काठावरचे पक्षी मोजून आपला आकडा काढला. तेथून माघारी फिरून, दमोहनाक्यावरून चेरीतालाकडे आलो. फोनवरील खूण सांगत होती, 'आपण पोहोचलात; आपण तलावाच्या मध्यभागी आहात.' आमच्या भोवती चारही बाजूंना घरे होती. वाळत घातलेले कपडे, उभ्या केलेल्या मोटारसायकली, एक किराणा दुकान. तलाव केव्हाच बुजला. उरली ती वस्ती आणि तिचे नाव. नात माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजोबा, तुमचा आकडा चुकला." आकडा चुकलेला नव्हता.

डबी तेथील एका चहावाल्याजवळ ठेवलेली होती. पांढऱ्या दाढीचा, शांत स्वभावाचा गृहस्थ. मुलांनी त्याला विचारले, "चाचा, यहाँ का तालाब कहाँ गया?" तो कप विसळता विसळता म्हणाला, "गया कहाँ बेटा, हर बरसात में आता है। घुटनों तक।" सगळे हसले. मग त्याने भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली आणि हसणे थांबले. त्या दिवसाच्या वहीत सर्वांत मोलाची नोंद त्याचीच आहे. त्याला लिहिता येत नसल्याने माझ्या नातीने त्याचे शब्द जसेच्या तसे हिंदीत लिहून घेतले आणि खाली त्याने अंगठा उठवला.

पुढे राणीताल. तेथे आज मैदाने आणि क्रीडासंकुल आहे. मुले खेळतात याचा आनंदच वाटावा. परंतु प्रश्न असा होता की 'राणीने येथे काय ठेवले होते?' आणि त्याचे उत्तर शोधण्यास डोळ्यांपुढे नावाच्या पाटीखेरीज फारसे काही नव्हते. त्या संध्याकाळी घरी परतताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. नऊ लाखांच्या ठेवीचा शोध हे गाव पिढ्यान्पिढ्या जमिनीखाली घेत राहिले. आणि जी ठेव उघड्या आभाळाखाली, सर्वांच्या डोळ्यांसमोर, पाण्याच्या रूपाने भरलेली होती, तिच्यावर आपणच माती लोटली.

दुसरा रविवार मदनमहालाचा. एका प्रचंड ग्रॅनाइटच्या शिळेवर बांधलेली ही छोटीशी दुमजली वास्तू मदनशहा नावाच्या गोंड राजाची, असे परंपरा सांगते. नाव महाल असले तरी तिचे रूप पहाऱ्याच्या चौकीचे आहे. वरून गढ्याची जुनी वस्ती, तलाव आणि वाटा एका नजरेत येतात, आणि वास्तूचे प्रयोजन न सांगता समजते. वाटेत तो प्रसिद्ध तोललेला दगड लागतो. एका शिळेवर दुसरी शिळा अगदी थोड्या जागेवर टेकलेली आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे येथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. घरे कोसळली, माणसे दगावली. हा दगड मात्र जागचा हलला नाही. त्या पहाटे अंगणात कुडकुडत बसलेल्या किती तरी जणांना आज समोर पाहतो आहे. अधिक सांगण्याचे कारण नाही.

टेकडीवर मी मुलांना खऱ्या खजिन्याची हकिकत सांगितली. गढ्याच्या राजांजवळ धन होते यात शंका नाही. ते येथे नव्हते. ते आजच्या नरसिंहपूर जिल्ह्यातील चौरागढच्या किल्ल्यात होते. राणीच्या मृत्यूनंतर आसफखानाने तो किल्ला घेतला. वीरनारायण तेथेच लढून पडला. सोन्याच्या मोहरांनी भरलेले शंभर हंडे व हजार हत्ती आसफखानाच्या हाती लागले आणि त्यांपैकी केवळ दोनशे हत्ती त्याने अकबराकडे पाठवले, असे अबुल फझलने 'अकबरनाम्या'त नोंदवले आहे. म्हणजे गढ्याची ठेव १५६४ सालीच हलली. दोन शिळांच्या मध्ये उरली असेल ती केवळ लोकांची आशा.

तेवढ्यात आमच्यातील एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने विचारले, "काका, मग मराठे येथे कशासाठी आले?"

मी ज्या प्रश्नाची तयारी केली नव्हती, तो नेमका हा होता. उत्तर देणे भाग होते. १७४२ साली पेशवे बाळाजी बाजीराव यांनी मंडल्यावर स्वारी केली. राजा महाराजशहा मारला गेला आणि त्याच्या पुत्रावर चौथाईचा बोजा बसला. १७८१ साली सागरच्या मराठी सुभ्याने गढा-मंडल्याचे राज्यच संपवले. शेवटचा राजा नरहरशहा कैदेत मेला. १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ साली इंग्रजांकडे. त्या छत्तीस वर्षांच्या वसुलीविषयी स्लीमनने जे लिहून ठेवले आहे, ते वाचताना मराठी माणसास मान वर करवत नाही. स्लीमन इंग्रज अधिकारी होता, आधीच्या राजवटीस नावे ठेवण्यात त्याचा लाभ होता, हे मान्य. परंतु तेवढे म्हणून आपली सुटका होत नाही.

मुलगा म्हणाला, "म्हणजे आपणही सोन्याच्या विटाच शोधायला आलो होतो."

कोणी काही बोलले नाही. अखेर एक्याऐंशी वर्षांच्या वहिनी म्हणाल्या, "ते आले होते. आपण राहायला आलो." मला ते उत्तर पुरे वाटले नाही, आजही वाटत नाही, पण त्यात तथ्य आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे तलवार घेऊन आले नाहीत. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना कोणी शिक्षक म्हणून आले, कोणी वकील, कोणी रेल्वेत, कोणी १९०४ सालच्या तोफगाडी कारखान्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. एका रात्रीत आपण प्रांताच्या एका प्रमुख भाषेचे लोक होतो ते अल्पसंख्य झालो. तेव्हापासून आपण आपली भाषा, आपला गणपती, आपली नाटके प्राणपणाने जपली. मंडळाची पन्नास वर्षे याची साक्ष आहेत. मात्र या काळात आपले डोळे सदैव दक्षिणेकडे लागलेले राहिले. आपण मुलांना रायगड दाखवला, प्रतापगड दाखवला. आणि घरापासून तासाभराच्या अंतरावरील मदनमहाल 'कधीतरी पाहू' म्हणून राखून ठेवला. राहायला आलो असे म्हणायचे, तर ज्या गावात राहतो त्याच्या पाण्याची, राजांची आणि त्यांच्या दुःखाची ओळख असावयास नको का?

टेकडी उतरून आम्ही संग्रामसागराच्या काठी बसलो. बाजूला बाजनामठाचे भैरवमंदिर. शिदोऱ्या सुटल्या. तेथे सांगितलेली आणखी एक हकिकत आपल्यापुढे ठेवतो, कारण ती थेट आजच्या विषयाची आहे. ज्या स्लीमनचे नाव मी घेतले, त्याला १८२८ साली याच गावातील बडा सिमला टेकडीवर काही अश्मीभूत हाडे सापडली. ती कलकत्त्यास गेली. १८७७ साली लिडेकर या शास्त्रज्ञाने त्यांवरून एका अजस्र प्राण्याला 'टायटॅनोसॉरस' हे नाव दिले. सबंध आशिया खंडात सापडलेले ते पहिले डायनोसॉरचे अवशेष. पुढे ती मूळ हाडेच संग्रहात कोठेतरी हरवली! अनेक दशके त्यांचा पत्ता नव्हता. २०१२ साली कलकत्त्याच्या भूवैज्ञानिक संग्रहातच त्यांतील एक मणका पुन्हा हाती आला. शोध घेणाऱ्यांत डॉ. धनंजय मोहबे हे भूगर्भशास्त्रज्ञ होते. कोट्यवधी वर्षे खडकाने जे नीट सांभाळले, ते माणसाच्या कपाटात हरवले. वस्तू सापडणे हे अर्धेच काम. ती कोठे आहे हे पुढच्याला कळेल असे लिहून ठेवणे हे उरलेले अर्धे.

म्हणून माझी मंडळास तीन नम्र विनंत्या आहेत. पहिली, त्या दोन रविवारांची नोंदवही मंडळाच्या ग्रंथालयात ठेवावी आणि दरवर्षी एक शोधयात्रा काढून तिच्यात भर घालावी. दुसरी, बुजलेल्या आणि उरलेल्या प्रत्येक तालाचे नाव, जागा व आठवण लिहून घ्यावी, आणि ती केवळ मराठी घरांतून नव्हे. चहावाले, विडी वळणाऱ्या बाया, गढ्यातील जुनी गोंड कुटुंबे यांच्याजवळ जे आहे ते आपल्या कोणत्याही ग्रंथात नाही. तिसरी, पुढच्या वर्षीची कोडी मुलांनी घालावीत आणि आपण वडीलधाऱ्यांनी ती सोडवावीत. आपण पुष्कळ ठिकाणी अडू, याची मी हमी देतो.

या मुलांपैकी बरीचशी पुण्यास, बंगळुरास, समुद्रापार जाणार. त्यांना अडवणे आपल्या हाती नाही आणि अडवूही नये. परंतु उद्या परक्या देशातील एखाद्या जुन्या वेशीपाशी कोणी त्यांना विचारले, 'तुमच्या गावात काय दडले आहे?' तर माझ्यासारखे तोंड मिटून बसण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये. त्यांनी चेरीतालाच्या कोरड्या मध्यभागी उभे राहून पाहिलेले असावे. राणीच्या शेजारी दासीचे नाव त्यांना ठाऊक असावे. आणि आपल्या लोकांनी येथे काय केले, हेही.

जाता जाता एक सांगतो. त्या दिवशी मदनमहालाची सावली टेकडीवरून उतरत असताना नातीने दोन शिळांच्या फटीत वाकून पाहिले. मी म्हटले, "काय ग, विटा सापडल्या का?" ती म्हणाली, "एक सरडा आहे. त्याला तिथेच राहू दे." खेळाचा नियम तिला माझ्यापेक्षा चांगला समजला आहे.

 मंडळाच्या शतकमहोत्सवास मी असणार नाही. ती वही मात्र असावी, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.

— गोहलपूर, जबलपूर